सरखेल कान्होजी आंग्रे आणि दर्यावरील तलवारीचा मान

स्मरणिकेच्या वाचकांपुढे दरवर्षी एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र ठेवावे, घरातील वडीलधाऱ्यांनी ते मुलांना वाचून दाखवावे, आणि त्यातून काही बोध घ्यावा, हा अशा लेखांचा हेतू असतो. यंदा आम्ही मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे चरित्र निवडले आहे. लोणी काळभोरसारख्या देशावरील गावाचा आणि दर्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु आपल्याच गावाच्या राजबाग परिसरात महाराष्ट्र अ‍ॅकॅडमी ऑफ नेव्हल एज्युकेशन अँड ट्रेनिंग ही संस्था असून शुभ्र गणवेशातील तरुण तेथे दर्यावर्दी विद्या शिकतात. शिवाय कान्होजींच्या आयुष्यातील एका निर्णायक प्रसंगाचे सूत्र आपल्या शेजारच्या मांजरी गावाशी जुळलेले आहे. ते पुढे यथास्थळी येईलच.

आम्ही शाळेत इतिहास शिकवीत असता मुले एक प्रश्न हमखास विचारीत. समुद्रावरील लढाई तोफांची. मग आरमारी सरदाराच्या चित्रात कमरेला तलवार कशासाठी? प्रश्न लहान तोंडचा असला तरी मार्मिक होता. त्याचे उत्तर कान्होजींच्या चरित्रात जितके स्पष्ट सापडते तितके इतरत्र क्वचितच सापडेल. म्हणून या लेखात आम्ही त्यांच्या पराक्रमाबरोबर दर्यावरील तलवारीचीही थोडी हकीकत सांगणार आहोत.

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. अंगरवाडी या गावावरून त्यांस आंग्रे हे नाव पडले, असे परंपरा सांगते. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते व सुवर्णदुर्गाच्या परिसरात त्यांची कामगिरी असे. कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमाराचा. हर्णैसमोर समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग, त्याच्या भोवतालचे कोळी, भंडारी, गाबीत, त्यांच्या होड्या, भरती-ओहोटीची गणिते आणि वाऱ्यांची लहर, हीच या मुलाची पाठशाळा होय. पुस्तकी विद्येचा योग फारसा नसला तरी जे शिकावयाचे ते ते पक्के शिकले.

संभाजी महाराजांच्या कारकीर्दीच्या अखेरीस कोकणपट्टीवर मोठे संकट आले. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या बळावर एकेक ठाणे गिळू लागला. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूस अनुकूल होऊन किल्ला देण्याच्या बेतात आहे, असे ध्यानात येताच तरुण कान्होजींनी विश्वासू शिपायांच्या साह्याने त्यास बाजूस सारले आणि किल्ल्याची सूत्रे आपल्या हाती घेतली, अशी हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांच्या आसपास होते. पुढे १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीस गेले. छत्रपती दूर, खजिना रिकामा, आणि किनाऱ्यावर सिद्दी, पोर्तुगीज व इंग्रज असे तिघे टपलेले. अशा काळात कान्होजींनी गमावलेली ठाणी परत घेण्याचा उद्योग आरंभिला. इ. स. १६९४ मध्ये राजाराम महाराजांनी त्यांस सरखेल हा किताब दिला, आणि १६९८ मध्ये आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारल्यावर साऱ्या आरमाराचा भार त्यांच्याच शिरावर आला. कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. त्या किल्ल्याच्या समोरच आजचे अलिबाग शहर वाढले.

आता त्या आरमाराची रचना पाहू. कान्होजींपाशी इंग्रजांसारखी प्रचंड जहाजे नव्हती. त्यांचा भर गुराब आणि गलबत या दोन प्रकारच्या जहाजांवर होता. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, पुढे निमुळते होत गेलेले, उथळ पाण्यात चालणारे जहाज. त्याच्या तोंडाशी मोठ्या तोफा बसविलेल्या असत. गलबत त्याहून लहान. शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ही असल्यामुळे वारा पडला तरी ते धावे. शत्रूचे भारी जहाज वाऱ्याअभावी जागच्या जागी डुलू लागले की गलबते दोर लावून गुराबांस ओढीत आणीत आणि शत्रूच्या पिछाडीस उभी करीत, कारण तेथे त्याच्या तोफा थोड्या. मग डोलकाठ्या व शिडे यांवर मारा होई. जहाज पांगळे झाले की गलबते चहूबाजूंनी त्यास भिडत आणि शेकडो माणसे हाती तलवार घेऊन शत्रूच्या फळ्यांवर उड्या घेत.

वाचकहो, मुलांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. तोफ जहाज थांबवीत असे. जहाज जिंकीत असे ती तलवार. तोफेने बुडविलेले जहाज कोणाच्याच कामाचे नाही. तलवारीने घेतलेले जहाज मालासह, तोफांसह आपल्या बंदरात येते. तेव्हाच्या बंदुकीस एक बार काढल्यावर पुन्हा भरण्यास वेळ लागे, आणि खाऱ्या पाण्याच्या तुषारांनी दारू भिजली तर ती केवळ काठीच राहावयाची. तलवारीस हे भय नव्हते. तिचे वैर गंजाशी. म्हणून दर्यावरील शिपायास तेल आणि फडके यांचा विसर पडून चालत नसे.

मराठी तलवारीचे रूपही जाणून घेण्याजोगे आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातून आलेली लांब, सरळ पाती आपल्याकडे फार नावाजलेली होती. फिरंग्यांकडून आलेले म्हणून अशा तलवारीस फिरंग असेच नाव पडले. पाते परदेशी, पण मूठ खास आपली. हाताचे रक्षण करणारी रुंद परज, आतून मऊ गादी, वर कटोरी आणि कटोरीतून निघालेला लांब गज. प्रसंगी दुसऱ्या हाताने तो गज धरून दुहाती वार करता येई. थोरामोठ्यांच्या तलवारींच्या मुठींवर कोफ्तगिरीचे काम असे. पोलादावर बारीक रेघा खरवडून त्यांत सोन्याची अथवा रुप्याची तार ठोकून बसवावयाची आणि घोटून एकजीव करावयाची, अशी ती कला. वेलबुट्टी, फुले आणि देवदेवतांच्या आकृती या कामात दिसतात. परंतु शोभेचे सारे काम मुठीवर आणि पात्याच्या मुळाशी. धारेच्या अंगास कारागीर हात लावीत नसे. शोभा आणि उपयोग यांची सीमा आपल्या पूर्वजांस नीट ठाऊक होती.

कान्होजींशी लढणाऱ्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यांच्या तलवारी त्या काळी एकसारख्या नव्हत्या. त्यांच्या नौदलात अधिकाऱ्यांसाठी ठरावीक नमुन्याची तलवार प्रथम १८०५ मध्ये आली. तोपर्यंत ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व आवडीप्रमाणे तलवार बाळगावी. जहाजावरील जागा अरुंद, दोरखंडांची गर्दी फार. म्हणून अनेकजण आखूड, किंचित वाकडी तलवार पसंत करीत. पुढे नमुना ठरला तेव्हा मुठीच्या टोकास सिंहाचे मस्तक आणि परजेवर दोराने वेढलेला नांगर अशी चिन्हे रूढ झाली. नांगर हीच दर्यावर्दी अधिकाऱ्याच्या तलवारीची जगभर खूण होय.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. कान्होजींनी किनाऱ्यावरील व्यापारास दस्तकाचा नियम लावला. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने सरखेलांचे दस्तक घ्यावे, ठरलेली जकात द्यावी आणि निर्धास्त जावे. दस्तक नसल्यास जहाज धरले जाईल. पोर्तुगीजांनी हाच व्यवहार दोनशे वर्षे केला होता, आणि इंग्रजही आपली दस्तके देतच होते. परंतु तोच नियम एका मराठी सरदाराने लावताच इंग्रजांनी त्यास चाचा, म्हणजे समुद्रावरचा लुटारू, ठरविले. त्यांच्या कागदांत आणि पुढे त्यांच्या ग्रंथांत हाच शब्द येत राहिला व आपल्याकडील कित्येक सुशिक्षितांनीही तो विचार न करता उचलला. ज्याच्यापाशी छत्रपतींचा किताब, किल्ले, बंदरे आणि नेमलेला मुलूख आहे, जो तह करतो आणि कैद्यांची देवघेव करतो, त्यास लुटारू म्हणावयाचे असेल तर त्या काळच्या प्रत्येक दर्यावर्दी सत्तेस तेच नाव द्यावे लागेल.

इ. स. १७१२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एस्लबी यांचे खासे सशस्त्र जहाजच आंग्र्यांच्या ताफ्याने धरले. त्यावरील कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन लढाईत ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. पुढील वर्षी तीस हजार रुपये घेऊन तिची सुटका करण्यात आली व इंग्रजांशी तात्पुरता समेट झाला.

त्याच सुमारास स्वराज्यात गृहकलह माजला होता. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले आणि ताराबाईंचा पक्ष व शाहूंचा पक्ष अशी फळी पडली. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. शाहू महाराजांनी त्यांजवर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस पाठविले. परंतु कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले, लोहगड घेतला आणि ते घाट चढून साताऱ्यावर येतात की काय, अशी धास्ती उत्पन्न झाली. त्या आणीबाणीत शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांस पेशवाईची वस्त्रे दिली. ती नोव्हेंबर १७१३ मध्ये, आणि ती आपल्या शेजारच्या, मुळा-मुठेच्या काठच्या मांजरी गावी. आपण मांजरीवरून नित्य ये-जा करतो. परंतु पेशवाईच्या भट घराण्याचा आरंभ येथे झाला, हे किती जणांच्या ध्यानी असते?

बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे. कोकणची आणि कान्होजींची त्यांस चांगली माहिती. फौजेच्या बळावर हा प्रश्न सुटणार नाही हे त्यांनी ओळखले. लोणावळ्याच्या परिसरात दोघांची भेट झाली. आपसांत लढून सिद्दी आणि फिरंगी यांचेच फावेल, हे दोघांनाही पटले आणि १७१४ च्या आरंभी तह झाला. कान्होजींनी पिंगळ्यांस सोडावे, शाहू महाराजांस छत्रपती मानावे. महाराजांनी त्यांची सरखेली कायम करावी आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांजकडे ठेवावीत, असे ठरले. म्यानाबाहेर आलेली तलवार रक्त न सांडता पुन्हा म्यानात गेली. कान्होजींच्या सर्व विजयांत आम्ही या तहास वरचे स्थान देतो. परक्याशी लढण्याचे धैर्य पुष्कळांपाशी असते. आपल्या माणसाशी चाललेली लढाई थांबविण्याचे धैर्य थोड्यांपाशी.

या तहाचे फळ लवकरच दिसले. मुंबईस चार्ल्स बून हा नवा गव्हर्नर आला. त्याने शहरास तट घातला, लढाऊ जहाजे बांधली आणि कान्होजींचा निःपात करण्याचा विडा उचलला. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला. तटास लावण्याच्या शिड्याच आखूड पडल्या आणि इंग्रज परत फिरले. १७१८ मध्ये खांदेरीवरील हल्ला फसला. १७२० मध्ये तोफा लादलेला खास तरता तराफा बांधून पुन्हा विजयदुर्ग गाठला. तोही यत्न वाया गेला. अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एक झाले. इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला आणि डिसेंबर १७२१ मध्ये जमीन व समुद्र अशा दोन्ही बाजूंनी कुलाब्यास वेढा पडला.

या वेळी साताऱ्याहून मदत आली. तरुण पेशवे बाजीराव घोडदळ घेऊन अलिबागेवर उतरले. एका मराठी स्वाराचा भाला मॅथ्यूजच्या मांडीस लागला. त्याने चिडून स्वाराचा पाठलाग केला व पिस्तूल झाडले, तो त्यात बारच भरलेला नव्हता, असे इंग्रजी वृत्तांतातच आहे. मोहिमेचीही गत त्या पिस्तुलासारखीच झाली. बाजीरावांनी जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांशी स्वतंत्र तह केला आणि एकटे पडलेले इंग्रज मुंबईस परतले. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजांनिशी विजयदुर्गावर चाल केली. त्यांसही यश आले नाही. एका माणसाच्या हयातीत तीन युरोपीय सत्तांना त्याचा किनारा घेता आला नाही, ही गोष्ट सामान्य नव्हे. यातील कुलाब्याचा विजय मात्र १७१४ च्या तहाशिवाय झाला असता असे आम्हास वाटत नाही; ज्या पेशव्यांशी समेट केला त्यांच्याच पुत्राची तलवार संकटकाळी धावून आली.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी मृत्यू पावले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. आपल्या मंडळातील जी कुटुंबे सुट्टीत तेथील समुद्रकिनारा पाहण्यास जातात, त्यांनी घटकाभर समाधीकडेही वळावे, अशी आमची विनंती आहे.

येथे चरित्र संपवावे तर बोध अपुरा राहील. कान्होजींच्या पश्चात वडील पुत्र सेखोजी सरखेल झाले. परंतु १७३३ मध्ये ते वारले आणि भावाभावांत वाटणीचा कलह सुरू झाला. मानाजी कुलाब्यास, संभाजी विजयदुर्गास, अशी दौलत दुभंगली. संभाजीनंतर तुळाजी विजयदुर्गास आले. ते शूर होते. पण पेशव्यांशी त्यांचे वैर विकोपास गेले. नानासाहेब पेशव्यांनी त्यांचे पारिपत्य करण्यासाठी १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला. ज्यांना बापाच्या काळी वारंवार तोंड फिरवून जावे लागले, त्यांनाच आता घरच्यांनी निमंत्रण दिले. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. किल्ल्यातील दारूचा साठा पेटला आणि ज्या किल्ल्यापासून कान्होजींच्या पराक्रमास आरंभ झाला तो किल्ला पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. बंदरात उभे असलेले आंग्र्यांचे आरमार आगीत भस्म झाले. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांस त्यातील काही मिळाले नाही. तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले.

तलवारीची हकीकत येथे पुन्हा येते. जेम्स मायदेशी परतल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने त्यास सोन्याच्या मुठीची तलवार बक्षीस दिली. क्लाइव्हला तर कर्नाटकातील पराक्रमाबद्दल हिरेजडित मुठीची तलवार आधीच मिळाली होती. १७८३ मध्ये जेम्स वारला. त्याच्या विधवेने पुढील वर्षी लंडनच्या शूटर्स हिल येथे त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधला. तो आजही उभा आहे आणि त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. नंतरच्या काळात इंग्रजांत अशा बक्षिसी तलवारींची मोठी प्रथाच पडली. १८०३ ते १८०९ या काळात लॉइड्सच्या देशभक्त निधीतून शूर अधिकाऱ्यांस दर्जाप्रमाणे शंभर, पन्नास व तीस पौंडांच्या तलवारी देत. त्यांची निळी पाती आणि त्यांवरील सोनेरी नक्षी पाहून आजही संग्राहक मोहित होतात. ती कारागिरी खरोखरच उत्तम आहे; गुणाचे कौतुक करण्यास आम्ही मागे घेणार नाही. परंतु जेम्सच्या त्या सोन्याच्या मुठीचे मोल कोणी दिले, असे विचारले तर उत्तर कटू आहे. सोने कंपनीचे असेल. मोल आपल्या भाऊबंदकीने दिले.

स्वातंत्र्यानंतर कान्होजींच्या नावास उचित मान मिळाला. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि नौदलाच्या चिन्हावरील इंग्रजी मुकुट जाऊन तेथे अशोकस्तंभाचे सिंह आले. १९५१ मध्ये मुंबईतील नौदलाच्या ठाण्यास आय. एन. एस. आंग्रे हे नाव देण्यात आले. हे ठाणे जुन्या बॉम्बे कॅसलच्या जागी आहे. ज्या कोटात बसून बूनसाहेबाने कान्होजींच्या नाशाचे बेत रचले, त्याच जागेवर आज कान्होजींचे नाव आहे. १९९८ मध्ये खांदेरी बेटासही कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. चाचा हा शब्द पुसण्यास दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. पण तो पुसला गेला.

आज नौदलातील अधिकारी समारंभप्रसंगी कमरेला तलवार लावतो. तिने आता कोणी लढत नाही. ती शपथेची आणि जबाबदारीची खूण आहे. आपल्या घरांतूनही कोठे देव्हाऱ्याजवळ, कोठे माळ्यावर, वाडवडिलांची एखादी तलवार असते. दसऱ्यास तिची पूजा होते आणि मग वर्षभर तिची आठवण राहत नाही. अशा तलवारीस तेलाचा हात फिरवावा, तिची हकीकत घरातील वृद्धांस विचारून लिहून ठेवावी, आणि वाटणीच्या वेळी ती कोणाकडे जावी यावरून भावाभावांनी तंटा करू नये. पाते गंजले तर घासून पुन्हा उजळता येते. घर दुभंगले तर ते सांधणे कठीण, ही गोष्ट कान्होजींच्या पुत्रांनी आपल्या सर्वस्वाची किंमत देऊन दाखविली आहे.

कान्होजींपाशी मोठे राज्य नव्हते, मोठी जहाजे नव्हती, मोठी विद्या नव्हती. आपल्या किनाऱ्याचे अचूक ज्ञान, हाताखालील माणसांवरचा विश्वास, आणि परका कोण व आपला कोण याचा विवेक, एवढ्या भांडवलावर त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ कोकणचा दर्या राखला. हे भांडवल आपल्यापैकी प्रत्येक घरास मिळविता येण्याजोगे आहे. मंडळातील तरुण-तरुणींनी ते मिळवावे, त्यांतील काहींनी दर्यावरही जावे, आणि कान्होजींच्या नावाचा मान वाढवावा, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही लेखणी आवरती घेतो.